गलथान कारकून

चष्मेवाल्याला त्याचा मेव्हणा पाकीटमार म्हणायचा, आणि तेही चारचौघांत. त्यात तसं खोटं काही नव्हतं. चौकातल्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवून झाले की या माणसाचा जीव अडकलेला असायचा जुन्या पाकिटांत. पैशांच्या नव्हे, टपालाच्या. लढाईच्या काळातली, फौजेतून घरी आलेली, घरून फौजेकडे गेलेली, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे याच गावातून, शत्रूची पलटण इथे ठाण मांडून बसली होती त्या वर्षांत टाकलेली.

लहानपणी त्यानेही बाकीच्या पोरांसारखंच केलं होतं. पाकीट कोमट पाण्यात भिजवायचं, तिकीट अलगद सोडवायचं, वाळवून वहीत डकवायचं आणि पाकीट केरात टाकायचं. पुढे अक्कल आल्यावर त्या केराच्या आठवणीने तो कैक वर्षं हळहळत राहिला. कारण सुटं तिकीट म्हणजे नुसतं चित्र. ते कुठून निघालं, कुठे अडलं, कोणी मधेच फोडून वाचलं, कोणाच्या दारातून परत आलं, हे सगळं बोलतं ते पाकीट. तेव्हापासून तो तिकिटांचा राहिला नाही, पाकिटांचा झाला.

आणि काय एकेक जमवलं होतं त्याने. फौजी टपालाची कार्डं होती, ज्यांना तिकीट लागायचंच नाही. पलटणीचा आकडा आणि एक शिक्का, एवढ्या भांडवलावर ती डोंगर ओलांडून घरी यायची. त्यातल्या एकावर चिखलाचा अख्खा अंगठा उमटला होता आणि लिहिणाऱ्याने त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल करून बाजूला लिहिलं होतं, 'हा मी.' ते कार्ड चष्मेवाला कोणाला दाखवायला काढायचा आणि स्वतःच खाकरत बसायचा. मग कब्ज्याच्या काळातली पाकिटं. शत्रूने गाव घेतलं तेव्हा त्याची तिकिटं छापून यायला वेळ लागणार होता, म्हणून पहिल्या आठवड्यांत गावातल्याच जुन्या दीपगृहाच्या तिकिटांवर काळ्या शाईने त्यांच्या राज्याचं नाव छापलं होतं. बिचारं दीपगृह त्या अक्षरांमागे तुरुंगात उभं असल्यासारखं दिसायचं. नंतर आली ती सेनापतीची तिकिटं. झुपकेदार मिशा, छातीभर पदकं आणि नाक असं, की अख्खं गाव त्याला नाकाखालीच दिसत असावं.

या सेनापतीच्या तिकिटांपायी चष्मेवाल्याच्या आयुष्यात एक दुखणं होतं. पाकिटवाल्यांना लागतो स्वच्छ शिक्का. गावाचं नाव वाचता आलं पाहिजे, तारीख वाचता आली पाहिजे, नाहीतर त्या पाकिटाचं बोलणं निम्मं बंद. आणि या गावच्या टपाल कचेरीत त्या काळात शिक्के मारायला जो कोणी होता त्याच्याइतका गलथान माणूस पाकिटवाल्यांच्या जगात दुसरा झाला नसेल. शाईचे हे एवढाले गोळे. एकावर एक दोनदा मारलेले ठसे. कधी घसरलेला, कधी फाकलेला, तारीख वाचायची तर आडव्या उजेडात भिंग धरून डोळे फोडून घ्यावेत. परदेशातल्या सूचीत गावाच्या नावापुढे कायमचा शेरा पडला होता: स्वच्छ शिक्के दुर्मिळ. खुद्द चष्मेवाल्याने संग्राहकांच्या त्रैमासिकात यावर लेख लिहिला होता. त्याचं नाव 'गलथान कारकून'. ते नाव इतकं चाललं की दूरदूरची माणसं आता आपल्या याद्यांत 'ग. का.' एवढंच लिहायची, आणि समजणाऱ्याला समजायचं.

घर दुकानाच्या वर होतं आणि पाकिटांची खोली घराच्या उत्तर टोकाला. खिडकीला जाड पडदा, कारण ऊन शाई खातं. चहा आत न्यायचा नाही. ओल्या हाताने दार उघडायचं नाही. 'मला त्या खोलीत शिंकायचीसुद्धा परवानगी नाही,' असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. संग्रहाला ती सवत म्हणायची, आणि वर म्हणायची, 'सवत परवडली, कधी माहेरी तरी गेली असती.' पण नवऱ्याचा हात कापायला लागल्यापासून पाकिटं पारदर्शक कागदात घालायचं काम तिच्याकडे आलं होतं आणि ते ती अशा निगुतीने करायची की बोलणं किती मनावर घ्यायचं ते ओळखून असावं.

त्या खोलीत कधीच पाऊल टाकलं नव्हतं ते आत्याने.

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची बहीण. आई लवकर गेली, वडील दुकानात, तेव्हा चष्मेवाल्याला न्हाऊ घालण्यापासून शाळेत ओढत नेण्यापर्यंत सगळं आत्याने केलं. लग्न केलं नाही. 'एक बाळ्या सांभाळला तेवढं पुरे झालं,' म्हणायची. बाळ्या आता आजोबा झाला होता आणि आत्या नव्वदी ओलांडून गेली होती, पण कान शाबूत, दात निम्मे शाबूत आणि जीभ तर पहिल्यापेक्षा धारदार. संग्रहाचा विषय निघाला की एकच वाक्य: 'त्या मेल्याचं तोंड मला बघायचं नाही.' मेला म्हणजे सेनापती. तिच्या पिढीतल्या सगळ्यांचाच तो राग होता, म्हणून चष्मेवाल्याने कधी खोदून विचारलं नाही.

पण आता वाचनालयाच्या सभागृहात मोठं प्रदर्शन भरणार होतं. त्याचा अख्खा संग्रह पहिल्यांदाच भिंतीवर चढणार होता. बाहेरगावचे परीक्षक येणार होते, पदकंबिदकं मिळणार होती. चष्मेवाल्याला त्यातलं काही नको होतं असं नाही. पण मनात एकच गोष्ट घर करून होती: आत्याने एकदा ते बघावं. ज्या बाईने आपल्याला अक्षरं शिकवली तिला आपण जन्मभर काय वाचत बसलो ते कळावं आणि तिने 'बरं केलंस हो' म्हणावं. एवढंच. आणि आत्या तर गुडघे दुखतात म्हणून बसली होती. सुनेने कपडे नीट वाळत घातलेत का बघायला गच्चीचा जिना चढताना मात्र ते गुडघे कुठे जायचे कोण जाणे.

त्यात दुधात साखर पडावी तशी एक गोष्ट झाली. दुसऱ्या गावचे एक जुने संग्राहक वारले होते, त्यांच्या घरच्यांनी एक पाकीट चष्मेवाल्याला पाठवून दिलं. याच गावातून टाकलेलं, याच गावातल्या पुलाजवळच्या घड्याळजीच्या नावावर. त्यावरचा शिक्का बघून तो खुर्चीतून उठून उभा राहिला. गोल काठ अखंड, गावाचं नाव स्पष्ट, तारखेचा आकडा न् आकडा वेगळा. सेनापतीच्या खांद्याला जेमतेम टेकलेला, बाकी सगळा कोऱ्या कागदावर. काल मारला असावा असा. गलथान कारकुनाच्या हातून चुकून झालेलं सोनंच म्हणायचं ते. त्या दिवशी चष्मेवाल्याने दुकानात दोन गिऱ्हाइकांना एकमेकांचे चष्मे दिले. ते पाकीट प्रदर्शनात मधोमध लावायचं ठरलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तो भिंतीवर लावायचा मजकूर बायकोला वाचून दाखवत होता. बायको इस्त्री करत होती. तिचं म्हणणं, तुमचं लिहिणं जड असतं, मला कळलं तर जगाला कळेल. आत्या खिडकीपाशी मटार सोलत बसली होती आणि ऐकत नसल्याचं दाखवत होती.

चष्मेवाल्याने घसा साफ केला. 'सदर कचेरीतील शिक्क्यांची अवस्था पाहता असे अनुमान निघते की, हा कारकून बहुधा स्थूल, आळशी व मद्यपी इसम असावा. कामाविषयी कोणतीही आस्था त्याच्या ठायी...'

'स्थूल नव्हते मी,' आत्या म्हणाली.

तिने एक शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले, साल बाजूला ठेवलं.

'काडी होते, काडी. आणि दारूचं म्हणशील तर खोकल्याचं औषध सोडून दुसरं काही मी तोंडाला लावलेलं नाही. आळशी म्हटलंस ते तर सूनबाईच सांगेल.'

बायकोने इस्त्री उभी करून ठेवली. चष्मेवाल्याच्या हातात कागद तसाच राहिला. त्याला वाटलं, म्हातारीच्या डोक्यात काहीतरी गोंधळ झाला.

'आत्या, तू लढाईत शिंपिणीकडे होतीस ना? काज करायला जायचीस.'

'ते सांगायचं म्हणून सांगितलेलं. मी टपालात होते. शिक्क्यावर.'

'मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?'

'काय बोलायचं? शत्रूच्या हातून गाव सुटलं आणि लोक आमच्या दारावर यायला लागले. शत्रूची चाकरी केली म्हणून. दारावर काय काय लिहून गेले होते ते तुझ्यासमोर म्हणणार नाही मी. तुझ्या बापाने सकाळी उठून दार घासलं, रंग निघेपर्यंत घासलं, आणि म्हणाला, हा विषय या घरात संपला. संपला म्हणजे संपला. मग तू ते पाकिटांचं खूळ घेऊन बसलास. मला वाटलं, आता हा कुठेतरी माझं नाव काढणार. तू काढलंस, पण दारुडा म्हणून.'

चष्मेवाल्याने तो कागद हळूच घडी घालून खाली ठेवला. इकडे बायकोला मात्र हसू आवरेना.

'काखेत कळसा आणि गावाला वळसा,' ती म्हणाली. 'अहो, तुम्ही परदेशात पत्रं लिहून विचारत होतात हा कारकून कोण म्हणून. आणि तो इथे तुम्हाला दोन वेळा वाढत होता.'

आत्याने भांडं बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि उठली. 'चल,' ती म्हणाली. 'बघू तरी काय जमवलंयस.'

इतकी वर्षं ज्या क्षणाची त्याने वाट पाहिली होती तो असा, मटाराच्या सालांतून चालत आला. त्याने दार उघडलं, दिवा लावला आणि पाकिटांची पानं टेबलावर एकेक मांडली. आत्या जवळ वाकली. पहिलं पाकीट. सेनापतीच्या तोंडावर शाईचा डोह. दुसरं. मिशांसकट नाक गायब. तिसऱ्यावर दोन ठसे एकात एक अडकलेले आणि मधे फक्त एक पदक दिसत होतं.

'हा बघ,' आत्या बोट न लावता म्हणाली. 'काय सुरेख बसलाय.'

'मुद्दाम?' चष्मेवाल्याने विचारलं.

'मग काय झोपेत? नाकावर टिच्चून म्हणतात ना, तसं खरोखर नाकावर मारायचे. रोज सकाळी दार उघडलं की त्या मेल्याचं तोंड काळं करायला बसायचे मी. त्यासाठी ते मला पगार देत होते.'

'आणि कचेरीचे साहेब काही बोलायचे नाहीत?'

'ओरडायचा ना. एकदा तर मला ओढत आपल्याच दुकानात घेऊन आला, मुलीचे डोळे तपासा म्हणून. आमचे वडील, म्हणजे तुझे आजोबा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, तक्ता वाचायला लावला. मी सगळी अक्षरं चुकीची वाचली. ते म्हणाले, साहेब, पोरीला जवळचं दिसत नाही, देवाने डोळे दिलेत म्हणायचे एवढंच. आणि मला हा एवढा जाड चष्मा दिला. तो लावला की खरंच काही दिसायचं नाही. डोकं ठणकायचं, पण शिक्के काय फाकायचे.'

आजोबांचा तो तक्ता अजून खाली दुकानात होता. चष्मेवाल्याला आजोबा आठवायचे नाहीत, पण त्या घटकेला त्याला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. खोटा चष्मा देणं हे या धंद्यातलं सगळ्यांत मोठं पाप, हे त्याला वडिलांनी शिकवलं होतं. वडिलांना बिचाऱ्यांना हे पुण्य ठाऊक नसणार.

त्याने खालून दुकानाचा लाकडी मुठीचा शिक्का आणि शाईची गादी आणली. आत्याला खुर्ची दिली तर तिने ती मागे सारली. 'शिक्का बसून मारत नाहीत.' तिने बाही वर केली, शिक्का गादीवर दोनदा हलकेच टेकवला आणि कोऱ्या कागदावर मारला. मनगट उचललं तेव्हा दुकानाचं नाव, पत्ता, खालची बारीक रेघ, सगळं कोरल्यासारखं उमटलेलं. नव्वदीतला हात, चहाचा पेला धरताना थरथरणारा, त्या एका क्षणी खिळ्यासारखा स्थिर होता. मग तिने शिक्का गादीत दाबला, बाजूला पडलेल्या जाहिरातीवरच्या एका गुळगुळीत गृहस्थाच्या तोंडावर आपटला आणि उचलताना मनगटाला असा काही पीळ दिला की गृहस्थ नाहीसा झाला.

'हे शिकायला जास्त वेळ लागला,' ती म्हणाली. 'चांगलं कोणालाही मारता येतं.'

चष्मेवाला बघतच राहिला. आयुष्यभर त्याने ठशांचा अभ्यास केला होता, शाई, दाब, कोन यांवर रकानेच्या रकाने लिहिले होते, आणि ठसा हा कोणाच्या तरी हातातून येतो हे त्याने फक्त तक्रारीपुरतं लक्षात घेतलं होतं. त्याला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त अभिमान वाटला.

बायकोही पुढे वाकून बघत होती. 'पण आत्या, एखादा स्वच्छही मारायचात की तुम्ही. यांच्याकडे आहे एक.'

आत्याचा हात शिक्क्यावरच थांबला.

'स्वच्छ?' तिने विचारलं. 'दाखव.'

चष्मेवाल्याने कौतुकाने ते मधलं पान पुढे सरकवलं. आत्याने पत्ता वाचला. मग तिने मागे सारलेली खुर्ची हाताने चाचपली आणि बसली.

'हे चांगलं म्हणून लावणार होतास?'

'सगळ्यांत चांगलं म्हणून.'

'बाळ्या, स्वच्छ शिक्का म्हणजे घाण काम.' तिने सावकाश सांगितलं, लहानपणी बेरीज समजवायची तसं. टपाल कचेरीच्या मागच्या खोलीत साहेबाची माणसं बसायची. ज्यांच्यावर संशय त्यांची पत्रं तिथे जायची, वाफेवर उघडून वाचली जायची आणि पुन्हा चिकटवून तिच्या टेबलावर यायची, बाकीच्या ढिगात मिसळायला. बघणाऱ्याला काही कळू नये अशी. पण तिला कळायचं, कारण ती अजून उबदार असायची. 'लांब्या पोस्टमन आणि मी, आम्ही दोघांनी ठरवलं. लांब्याने घरोघर सांगून ठेवलं होतं, हळूच. पाकीट काळं असलं तर खुशाल झोपा. स्वच्छ असलं तर तुमचं वाचतायत, सावध व्हा. म्हणून एरवी सगळं घाण करायला लागायचं. नाहीतर स्वच्छ उठून कसं दिसणार?'

परदेशी सूचीतलं ते वाक्य चष्मेवाल्याच्या डोळ्यांपुढे आलं. स्वच्छ शिक्के दुर्मिळ. दुर्मिळच असणार होते. जगभरचे पाकिटवाले ज्याच्यासाठी एकमेकांशी चढाओढ करत होते ती एका मुलीने मारलेली हाक होती.

'हा घड्याळजी,' आत्या म्हणाली, 'याला मी दोनदा स्वच्छ मारले. एकाच आठवड्यात. पहिलं लांब्याने नेलं. आणि दुसरं, ते हे. हे नेलं त्या सकाळी दुकानाला बाहेरून पट्टी मारलेली आणि दारात शिपाई. माणसाचा पत्ता नाही. पहिलं वाचून आदल्या दिवशीच पळाला, की पहिलं उशिरा मिळालं आणि त्याला उचलून नेलं, कोणाला कळलं नाही. लांब्यालाही नाही. पुढे लांब्यालाच नेलं. वडील त्या थंडीत गेले. मग विचारायचं कोणाला? पुढे टेबलावर रोज पाकिटं हातात घेऊन घेऊन मी किती वेळा आठवलं, पहिलं सकाळच्या ढिगात टाकलं होतं की दुपारच्या. दुपारच्यात टाकलं असलं तर तो माझ्यामुळे मेला.'

बायको तिच्या खुर्चीशेजारी खाली बसली. 'जवळचा होता का तुमच्या?' तिने हलक्या आवाजात विचारलं.

'छे गं. भारी किरकिऱ्या माणूस. घड्याळ दिलं की महिनाभर द्यायचा नाही आणि वर आपल्यालाच रागवायचा. पण म्हणून मरायला नको होता.' मग ती चष्मेवाल्याकडे वळली. 'तुला यातलं कळतं म्हणतात. लोक लांबून विचारायला येतात तुला. मग सांग मला.'

आयुष्यात इतका अवघड प्रश्न त्याला कुठल्याच परीक्षकाने विचारला नव्हता. आत्याने बघावं, शाबासकी द्यावी, एवढंच त्याला हवं होतं. आता त्याचं सगळं शिकणं एका माणसाच्या मनावरचा दगड उचलायला पुरतं की नाही, असा सवाल होता, आणि इथे अंदाजाने बोलून चालणार नव्हतं. त्याने बायकोला खूण केली. तिने पाकीट पारदर्शक कागदातून काढून उपडं ठेवलं. त्याने डोळ्याला भिंग लावलं.

पाठीवर काय आहे ते त्याला पाठ होतं. पोस्टमनची पेन्सिल: 'बंद'. कचेरीचा जांभळा ठसा: 'पत्त्यावर नाही'. आणि कोपऱ्यात शत्रूच्या छावणीचा एक त्रिकोणी ठसा, अर्धा पुसट. सूचीत त्याने त्याची नोंद 'दुर्मिळ त्रिकोणी, अपूर्ण' अशी करून ठेवली होती आणि पुढे बघितलं नव्हतं, कारण त्याची नजर होती पुढच्या बाजूच्या त्या देखण्या गोलावर. मूर्ख, तो स्वतःलाच म्हणाला.

शत्रूची भाषा तो या पाकिटांसाठीच शिकला होता. त्याने अक्षर न् अक्षर लावलं. मग दुसऱ्या खणातून एक पाकीट काढलं, बेकरीवाल्याचं, ज्याला पकडून नेल्याचं गावात सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या पाठीवर छावणीचा ठसा गोल होता. तिसरं काढलं, एका मास्तरांचं, त्यांनाही पकडलं होतं. तिथेही गोल. त्याने तिन्ही शेजारी ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बायकोने आत्याचा हात धरला होता.

'ज्यांना पकडलं त्यांच्या टपालावर छावणीवाले गोल ठसा मारायचे,' तो शेवटी म्हणाला. 'त्यात लिहिलेलं असतं, ताब्यात. हा त्रिकोणी आहे. यात लिहिलंय, इसम फरारी, आढळल्यास छावणीस कळवा.'

'कळवा?'

'हो. म्हणजे त्यांना सापडला नव्हता. आणि तारीख बघ, म्हणजे मी सांगतो, ती तुझ्या शिक्क्याच्या पुढच्या महिन्याची आहे. महिनाभर ते शोधत होते आणि तो हाती लागलेला नव्हता. त्यानंतर काय झालं ते मला सांगता येणार नाही आत्या, उगाच सांगणार नाही. पण त्या सकाळी त्याला दुकानातून नेलं नाही. तो आधीच गेला होता.'

आत्याने भिंग मागून घेतलं. तिला ती भाषा वाचता येत नव्हती, तरी तो त्रिकोण ती बराच वेळ बघत राहिली. परत आलेलं टपाल तिच्या टेबलावर कधी यायचं नाही. ते मागच्या दाराने छावणीत जायचं. पाठ ती आज पहिल्यांदा बघत होती.

'म्हणजे पहिलं मिळालं त्याला,' ती म्हणाली.

'मिळालं.'

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. चष्मेवाल्याचेही डोळे भरून आले. खाली रस्त्यावर कोणीतरी दुकान बंद आहे का म्हणून शटर वाजवत होतं, आणि त्या घरात जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला कोणी ओ दिली नाही.

मग आत्याने पाकीट उपडंच त्याच्यापुढे सरकवलं. 'हे असं लाव.'

'आत्या, शिक्का भिंतीकडे जाईल. परीक्षक...'

'जाऊ दे. आपल्या टपालाची पोच कोणी शत्रूकडून घेतली नसेल, मी घेतली. ती दिसू दे लोकांना.'

त्याने लगेच मान हलवली. आळशी, स्थूल आणि मद्यपी इसमाचा कागद बायकोने केव्हाच चुरगाळला होता. त्याने नवा कागद घेतला, पेन उघडलं आणि आत्याकडे बघितलं. खाली काय लिहायचं, त्याने विचारलं. तुझं नाव घालू का? आता दारावर कोणी काही लिहिणार नाही.

'नाव नको,' आत्या म्हणाली. 'लिही, पोच मिळाली. आणि खाली लिही, गलथान कारकून.'

'गलथान हा शब्द तरी गाळतो ना,' चष्मेवाला म्हणाला.

'राहू दे ते,' आत्या म्हणाली. 'त्याला फार मेहनत पडलीय मला.'